वारा घरात शिरला की छप्पर जातं

पत्राचा गोषवारा: रायगड जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई निवृत्त शिक्षिका आहेत, वय ६६. घर जांभ्याच्या भिंतींचं, मंगलोरी कौलांचं, सत्तर वर्षांपूर्वीचं. मागे नारळ-सुपारीची वाडी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात पडवीकडची एक खिडकी फुटली, त्यानंतर माजघरावरची कौलं उडाली. त्या वेळी कौलं बसवून वेळ निभावली. आता घराची मोठी दुरुस्ती काढली आहे. अकरा खिडक्या आणि तीन दारं बदलायचा विचार आहे. फ्लोरिडात राहणारा मुलगा म्हणतो, "इथे सगळे लावतात तशा हरिकेनच्या खिडक्या मागव, पैसे मी देतो." थोरले भाऊ म्हणतात, "सागवानाला हात लावू नकोस." तालुक्याच्या गावातल्या फॅब्रिकेटरने अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि जाड टफन्ड काच सुचवली आहे. ताई बहुतेक वेळ घरात एकट्याच असतात. त्या विचारतात: "यातलं कुणाचं ऐकू? वारा सुटला की छातीत धस्स होतं, ते थांबावं एवढंच मागणं आहे."

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: "आधी पडवीकडची खिडकी फुटली, आणि चहा होईल एवढ्या वेळात माजघरावरची कौलं गेली." तुम्ही ही दोन नुकसानं मोजली आहेत. माझ्या हिशेबी ते एकच नुकसान आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. म्हणून काच, लाकूड, अ‍ॅल्युमिनियम यांच्याकडे वळण्याआधी त्या दुपारी तुमच्या घरात काय झालं असणार ते सांगते.

वारा घरावर येतो तेव्हा समोरची भिंत आत ढकलतो आणि छपरावरून जाताना छप्पर वर ओढतो. घर बंद असेल तर कौलांचं वजन आणि वाशांची पकड मिळून ही ओढ कशीबशी सोसतात. पण वाऱ्याच्या तोंडची एक खिडकी फुटली की वारा आत घुसतो, त्याला पलीकडे निघायला वाट नसते, आणि तो आतून छप्पर उचलायला लागतो. वरून ओढ आणि खालून रेटा, दोन्ही एकदम. वाऱ्याच्या भाराचं आपलं भारतीय मानक आहे, आयएस ८७५चा तिसरा भाग. त्यात हा हिशेब आकड्यांत दिलेला आहे. भिंतीला उघडी जागा अगदी थोडी असेल तर आतल्या दाबाचा गुणक ०.२ धरतात, मोठं भगदाड असेल तर ०.७. म्हणजे साडेतीनपट. तुमच्या माजघरावरची कौलं दुबळी होती म्हणून गेली असं मला वाटत नाही. त्यांच्यावर त्यांच्या वाट्याचं नसलेलं ओझं आलं.

तेव्हा "कुठली काच घेऊ?" हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू. वादळाच्या त्या चार-सहा तासांत वारा घरात शिरणार नाही, याची व्यवस्था कशी करायची, हा खरा प्रश्न आहे. काच हे त्याचं एक उत्तर आहे, एकमेव नाही.

भार किती येतो तेही डोळ्यांसमोर आणा. निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किमी होता, झोत त्याहूनही वरचे. १२०च्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ६८ किलो भरतो. चार बाय चार फुटांच्या खिडकीवर झाला शंभर किलो. सिमेंटच्या दोन भरल्या गोण्या खिडकीला रेलून ठेवल्या, काढल्या, पुन्हा ठेवल्या, असं तासन्‌तास. आणि हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दीडपट झाला तर दाब सव्वादोनपट. हे ओझं काच झडपेला देते, झडप कडी-बिजागरीला, त्या चौकटीला, आणि चौकट भिंतीला. यातला जो दुवा कच्चा तिथे सगळं तुटतं. काचेला तुम्ही कितीही पैसे मोजा, ओझं पुढच्या दुव्यावर जाणारच.

हे मी ऐकीव सांगत नाही. निसर्गनंतर तुमच्याच भागात घरं पाहत फिरले तेव्हा एका नव्या बंगलीत पलंगावर अख्खी खिडकी पडलेली पाहिली. पांढरी यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, चौकटीसकट. काचेला ओरखडासुद्धा नव्हता. चौकटीच्या कडेने पिवळ्या फोमचा पट्टा तसाच चिकटून होता, त्यातून चार-चार इंची स्क्रू बाहेर आलेले, आणि प्रत्येक स्क्रूच्या टोकाला जांभ्याची लाल भुकटी. घरमालक पुन्हा पुन्हा काचेवर हात फिरवत म्हणत होते, "माल तर चांगला होता हो." माल चांगलाच होता. भिंतीने तो धरून ठेवला नव्हता.

आता तुमच्या मुलाचं म्हणणं. त्याची कळकळ खरी आहे आणि माहितीही चुकीची नाही. ऑगस्ट १९९२मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडाची वाताहत केली. पाहणी केली तेव्हा घरामागून घर तीच गोष्ट दिसली: खिडकी किंवा दार गेलं, वारा आत शिरला, छप्पर उडालं. तुमच्या माजघराची गोष्ट. त्यानंतर मायामी-डेड परगण्याने बांधकामाचे नियम कडक केले आणि २००२पासून साऱ्या फ्लोरिडा राज्याला एक बांधकाम संहिता लागू झाली. तिथल्या खिडकीची परीक्षा अशी असते: सुमारे चार किलोचा लाकडी वासा तोफेसारख्या नळीतून ताशी ५५ किमी वेगाने खिडकीवर सोडतात. मग त्याच तडकलेल्या खिडकीवर ९,००० वेळा दाब आत-बाहेर देतात. काचेला तडे गेले तर चालतात, पण आरपार भगदाड पडता कामा नये. आणि परीक्षा काचेचा तुकडा घेऊन होत नाही. काच, झडप, कुलूप, बिजागरी, चौकट, चौकट भिंतीत ठोकायचे खिळे-स्क्रू, सगळं मिळून जी वस्तू होते तिची परीक्षा होते.

फ्लोरिडाकडून घ्यायचं ते हे. अख्खी खिडकी जहाजाने आणवू नका, असं मी स्पष्ट सांगेन. ती खिडकी तिथल्या भिंतींच्या पद्धतीने बसवून पास झालेली असते. तुमच्या जांभ्यात तो दाखला लागू पडत नाही. मायामीत घराचा आराखडा ताशी २८० किमीच्या आसपासच्या वाऱ्यासाठी करतात. आपल्या मानकात मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किमी, आणि दक्षिणेला गोव्यात ३९ मीटर. मोजण्याच्या पद्धतीत फरक असल्याने हे आकडे थेट शेजारी ठेवून वजाबाकी करू नये, पण तुम्हाला न लागणाऱ्या ताकदीचे पैसे तुम्ही मोजणार हे नक्की. शिवाय पाच वर्षांनी त्या खिडकीची कडी गंजली तर ती बदलून कोण देणार? तालुक्याच्या गावात मिळणार नाही असा सुटा भाग किनाऱ्यावरच्या घरात लावू नये.

फॅब्रिकेटरच्या सुचवणीतली टफन्ड काच मात्र नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेक जण फसतात. टफन्ड काच साध्या काचेच्या चौपट मजबूत असते हे खरं. पण वादळात नुसता वारा नसतो. शेजारच्या घराचं मंगलोरी कौल दोन-अडीच किलोचं, पत्र्याचा फाटका तुकडा, वाडीतला नारळ, हे सगळं हवेत असतं. टफन्ड काच फुटते तेव्हा तिचा एकदम चुरा होतो. माणसाला इजा होऊ नये म्हणून ती तशी बनवलेली असते आणि न्हाणीघरात ते योग्यच आहे. वादळात मात्र एका क्षणात अख्खी खिडकी उघडी पडते. लॅमिनेटेड काच वेगळी. दोन काचांमध्ये पीव्हीबी नावाच्या चिवट प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, मोटारीच्या पुढच्या काचेसारखा. ती तडकते, जाळं पडतं, पण जागेवर राहते.

त्यातही पडद्याची जाडी विचारा. बाजारात सहज मिळते ती ६.३८ मिमीची काच: तीन मिमीच्या दोन काचा आणि मध्ये ०.३८ मिमीचा पडदा. तिला फक्त "लॅमिनेटेड" म्हणून विकतात आणि गिऱ्हाईक निर्धास्त होतं. उडत्या कौलापुढे हा पडदा फाटतो. किमान १.५२ मिमीचा पडदा मागा. फ्लोरिडातल्या खिडक्यांत बहुधा सव्वादोन मिमीच्या पुढचा असतो. आणि काच चौकटीत किमान अर्धा इंच आत गेलेली, चारही कडांनी सिलिकॉनने धरलेली हवी. नुसत्या रबरी पट्टीवर बसवलेली काच तडकल्यावर चौकटीतून सुटून येते.

सरकत्या खिडकीला माझा विरोध आहे, तो पाण्यामुळे. मघाचे ६८ किलो पाण्याच्या उंचीत मोजले तर ६८ मिमी होतात, म्हणजे अडीच इंचांहून जास्त. तेवढी उंची वारा पाण्याला चढवू शकतो. सरकत्या खिडकीच्या खालच्या पन्हळीची आतली कड साधारण इंच-दीड इंच असते. मग पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या भोकांतूनच ते आत उसळतं. तुम्ही लिहिलंय की शेजारणीच्या नव्या खिडक्यांतून "नळ सोडल्यासारखं" पाणी आलं. तिच्या सुताराची चूक नसेल, खिडकीची जातच तशी आहे. बिजागरीवर उघडणारी, चारही बाजूंनी रबरावर दाबून बंद होणारी आणि दोन-तीन ठिकाणी कड्या लागणारी खिडकी घ्या. बाहेर उघडणारी असेल तर उत्तम, कारण समोरचा वारा तिला चौकटीवरच दाबतो.

पण एक मिनिट. तुम्हाला काचेची खिडकी हवीच आहे का? हे मी मनापासून विचारते आहे. तुमचे भाऊ भावनेने बोलत असतील, पण त्यांच्या बोलण्यात अभियांत्रिकी आहे. सत्तर वर्षांपूर्वीची तुमची चौकट भिंत बांधतानाच बसवलेली आहे. तिची वरखाली बाहेर आलेली टोकं जांभ्यात चिणलेली असतात. आज स्क्रू मारून बसवलेल्या कुठल्याही चौकटीला ती पकड येत नाही. तिला उभे लोखंडी गज आहेत. फ्लोरिडाच्या खिडकीला हे गज नसतात, म्हणून तिथे सगळी जबाबदारी काचेवर येते. तुमच्या गजांवर नारळ, फांदी, मोठं कौल अडतं. आत येतात ते तुकडे आणि वारा. आणि या खिडक्यांना मुळात भरीव फळ्यांच्या झडपा होत्या, असं तुम्हीच लिहिलंय. तावदानं १९८०च्या सुमारास उजेडासाठी बसवली. पडवीकडची जी खिडकी फुटली, तीही अशीच तावदानाची.

तेव्हा आधी जुन्या चौकटी तपासा. जाडसा पेचकस घ्या आणि चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत, जिथे ती भिंतीला भिडते तिथे, जोर लावून खुपसा. पाव इंचाच्या आत अडला तर लाकूड धडधाकट आहे. फसकन आत गेला, किंवा पोकळ आवाज आला, तर वाळवी किंवा कूज आहे. मग दोन्ही हातांनी गज धरून चौकट मागेपुढे हलवा. गिलाव्याच्या कडेला भेग उघडमीट करते का ते पाहा. अकरापैकी सात-आठ चौकटी पास होतील असा माझा अंदाज आहे. पास झालेल्या काढू नका. सत्तर वर्षं मुरलेला साग आज त्या दर्जाचा विकत मिळणं कठीण आहे, आणि तो काढताना भोवतालचा जांभाही खिळखिळा होतो.

या चौकटींना आतून तावदानं राहू द्या. उजेड हवाच. बाहेरून मात्र भरीव झडपा बसवून घ्या: सागाच्या, किंवा १८ मिमीच्या मरीन प्लायच्या, आयएस ७१०चा शिक्का पाहून, चारही कडा रंगाने बंद करून. प्रत्येक झडपेला तीन बिजागऱ्या, आणि वर-खाली दोन जाड कड्या ज्या आतून, गजांमधून हात घालून लावता येतील. मधोमध एक आडवी लोखंडी पट्टी.

इथे मला तुमच्या पत्रातली एक ओळ महत्त्वाची वाटते: तुम्ही बहुतेक एकट्या असता. फ्लोरिडात आणि आता मुंबईतही काही जण वादळाआधी प्लायचे तक्ते बाहेरून बोल्टने ठोकतात. स्वस्त आणि भरवशाचा उपाय आहे. पण चार बाय चारचा १८ मिमीचा तक्ता वीसेक किलोचा होतो. अकरा तक्ते, बाहेरून, पाऊस सुरू झालेला, आणि तुम्ही एकट्या. निसर्गच्या वेळी कमी दाबाचं क्षेत्र तयार होण्यापासून वादळ किनाऱ्यावर येईपर्यंत जेमतेम तीन दिवस मिळाले होते, त्यातही टाळेबंदी होती. जे तुम्हाला स्वतःच्या हाताने, घरातून, पंधरा मिनिटांत बंद करता येत नाही ते तुमच्यासाठी संरक्षण नाही, ते कितीही मजबूत असो. घर निवडताना आपण जागा बघतो. वादळाची खिडकी निवडताना तो दिवस, ती वेळ आणि घरात असणारं माणूस बघायचं. हे ज्यांच्या गावी आई-वडील एकटे राहतात त्या सगळ्यांना सांगते आहे.

ज्या तीन-चार चौकटी नापास होतील तिथे नवी खिडकी बसवा, लॅमिनेटेड काचेची, बिजागरीवर उघडणारी. तिथे भिंतीचं काम आधी. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ. फुगणारा अँकर बोल्ट त्यात आवळला की दगड आतून भुगा होतो आणि बोल्ट फिरत राहतो. खिडकीच्या जागेभोवती चार इंच जाडीची काँक्रीटची चौकट ओतून घ्या. खाली, दोन्ही बाजू, वर लिंटेल, आत सळई, आणि सळईचे आकडे जांभ्याच्या सांध्यांत किमान नऊ इंच शिरवून रसायनाने पक्के केलेले. खिडकी या काँक्रीटला धरते, काँक्रीट भिंतीला. खर्च वाढेल. पण पलंगावर पडलेली ती पांढरी खिडकी आठवा.

फॅब्रिकेटरला काय विचारायचं? काचेचं माप विचारू नका, ते तो आपणहून सांगेल. "या अख्ख्या खिडकीची, चौकटीसकट, वाऱ्याच्या दाबाची चाचणी झाली आहे का? अहवालात किती पास्कल लिहिलेत?" असं विचारा. पास्कल हे दाबाचं एकक. १,५०० पास्कलच्या खाली मान्य करू नका. घराच्या कोपऱ्याजवळच्या खिडक्यांना वाऱ्याची ओढ जास्त असते, तिथे २,००० मागा, आणि नेमका आकडा इंजिनिअरकडून काढून घ्या. अहवाल नाही म्हणाला तर त्याला दोष देऊ नका, फक्त काम दुसऱ्याला द्या. आणि कड्या-बिजागऱ्या-स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या. ३०४ही स्टेनलेसच म्हणून विकतात, पण खाऱ्या वाऱ्यात त्यावर वर्ष-दोन वर्षांत तपकिरी ठिपके येतात. यूपीव्हीसी घेतलंत तर आतल्या पोकळीत जस्त लावलेली पोलादी पट्टी आहे हे तोंडचं टोक उघडून दाखवायला सांगा. पट्टी नसलेलं प्रोफाइल दाबाखाली वाकतं.

कुठलीही खिडकी कायमची बंद काचेची ठेवू नका. निसर्गनंतर अनेक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. जूनमधल्या उकाड्यात, पंख्याविना, न उघडणाऱ्या काचेमागे तुम्ही कशा राहाल? आणि अकरापैकी निदान एका खिडकीचे गज आतून उघडता येतील असे करा. दार अडकलं तर बाहेर पडायला वाट हवी.

दारांकडे लोक शेवटी पाहतात आणि पैसे संपलेले असतात. तुमचं पुढचं दार दुपाखी, सागवानी. त्यात दोष एकच: दोन पाखं मधोमध जिथे भेटतात तिथे वारा त्यांना आत ढकलतो, आणि सगळा भार एका कडी-कोयंड्यावर येतो. यावर आपल्या आज्यांकडे उपाय होता: अडसर. भिंतीतल्या दोन खोबणींत जाणारं आडवं लाकूड. तुमच्या दारामागे त्या खोबणी अजून असतील, गिलाव्याखाली बुजवलेल्या. शोधून उघडा आणि नवा अडसर करून घ्या, तीन इंच जाडीचा तरी. शिवाय दोन्ही पाखांना वर-खाली टॉवर बोल्ट, खालचा उंबऱ्याच्या दगडात दोन इंच जाईल असा. वाडीकडचं मागलं दार मात्र बदला. ते पोकळ फ्लश डोअर आहे असं लिहिलंत. पातळ प्लायचे दोन पापुद्रे, आत रिकामं. भरीव फळ्यांचं, चार बिजागऱ्यांचं, बाहेर उघडणारं दार तिथे बसवा. खिडक्या सगळ्या पक्क्या आणि मागचं दार पोकळ, तर वारा मागून येईल. चक्रीवादळाचा वारा एका दिशेने येत नाही. ते सरकेल तसा तो फिरतो. २०२०ला तो पडवीकडून आला म्हणून पडवीचीच बाजू मजबूत करायची, हा हिशेब धोक्याचा.

आणि आता अशी गोष्ट जी तुम्ही विचारलीच नाही. वासे भिंतीवर नुसते टेकलेले आहेत का? असतील, तर मुलाच्या पैशातला पहिला भाग तिथे जाऊ दे. प्रत्येक वाशाला जस्त लावलेली पोलादी पट्टी, भिंतीच्या माथ्यावर ओतलेल्या काँक्रीटच्या पट्ट्यात अडकवलेली. कडेच्या आणि आढ्याजवळच्या कौलांच्या ओळी तारेने बांधलेल्या. एखादी खिडकी फुटलीच तरी छप्पर जागेवर राहील, मग पाणी पुसून घर उभं राहतं. माझा क्रम असा राहील: वासे, मग दारं, मग झडपा, आणि सगळ्यात शेवटी काचा. मुलाला हा क्रम उलटा वाटेल, कारण त्याच्या फ्लोरिडातल्या घराचं छप्पर पट्ट्यांनी आधीच बांधलेलं असणार. तिथल्या संहितेत ते येतंच.

दोन गैरसमजही या निमित्ताने काढून टाकूया, कारण दर वादळाला ते मोबाइलवर फिरतात. काचेवर चिकटपट्टीची फुली मारून काही होत नाही. काच फुटायची ती फुटतेच, फक्त मोठे धारदार तुकडे एकत्र पडतात. आणि "दाब समान व्हावा म्हणून पलीकडची एक खिडकी किलकिली ठेवा" हे तर अजिबात ऐकू नका. वादळात घर जितकं बंद तितकं चांगलं.

मुंबई-ठाण्यातल्या सदनिकांतून अशीच पत्रं येतात, विशेषतः मे २०२१मधल्या तौक्ते चक्रीवादळानंतर. तिथे छपराचा प्रश्न बहुतेकांना नसतो, पण उंच मजल्यावर वारा जास्त, आणि खिडक्या बिल्डरने बसवलेल्या सरकत्या. निदान दोन गोष्टी करा. सरकता पाट वर उचलून पन्हळीतून निघतो का पाहा. निघत असेल तर वर अडथळा लावून घ्या. बाल्कनीतल्या कुंड्या आणि सुटे पत्रे वादळाचा इशारा आला की आत घ्या, कारण तुमची कुंडी दुसऱ्याच्या काचेवर जाते.

ताई, छातीत धस्स होतं ते थांबेल का, हा प्रश्न राहिला. बरंचसं थांबेल. दार-खिडक्या आपल्या हाताने बंद करता येतात आणि वासे बांधलेले आहेत हे माहीत असलेलं माणूस वाऱ्याचा आवाज वेगळ्या कानांनी ऐकतं. पण एक वचन द्या: प्रशासनाने घर सोडायला सांगितलं तर घर पक्कं केलंय म्हणून थांबून राहू नका. झडपा लावा, अडसर घाला, मागल्या दाराने बाहेर पडा. समुद्राचं पाणी चढलं तर झडप कामाची नाही.

फॅब्रिकेटरला आगाऊ रक्कम दिली नसेल तर अजून देऊ नका. आधी पेचकसाची तपासणी करा, प्रत्येक खिडकीला क्रमांक द्या आणि वहीत पास-नापास लिहा. पडवीकडच्या त्या खिडकीपासून सुरुवात करा. भाऊंना सोबत बोलवा, चौकट कशी बसवली आहे हे त्यांना माहीत असेल. मग ती वही आणि हे उत्तर दोन्ही मुलाला पाठवा. त्याचे पैसे वाशांच्या पट्ट्यांत आणि चौकटीभोवतीच्या काँक्रीटमध्ये जाणार आहेत. काम झाल्यावर फोटोत ते दिसणार नाही, म्हणून काम चालू असताना, गिलावा होण्याआधी, त्याला फोटो काढून पाठवा.